सातवी सुई

गेल्या महिन्यात तपासणीला गेले होते, तेव्हा केमोच्या खोलीबाहेर एक बाई भेटल्या. डोक्याला रुमाल, मांडीवर फाइल, शेजारी नवरा. नवरा पाणी आणायला उठला तशा त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुमची केमो झालीय म्हणालात ना, तेव्हा तुमच्या बोटांना मुंग्या यायच्या का हो?"

"यायच्या. तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत?"

"नाही, तसं फार काही नाहीये," असं म्हणून त्यांनी फाइल उघडली आणि त्यात बघत बसल्या. फाइलमध्ये बघण्यासारखं काही नसतं. मीही अशीच बघत बसायचे, म्हणून मला ठाऊक आहे.

त्या बाईंसाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. मराठी शाळेत तिसरीचा वर्ग तीस वर्षं सांभाळून निवृत्त झालेली बाई आहे. औषधांबद्दल मला विचारू नका. मी एका सुईबद्दल सांगू शकते.

आमच्याकडचा नाताळ

आमच्या घरात नाताळच्या भेटी दुकानातून येत नाहीत. ही पद्धत माझ्या सासूबाईंची. त्या लोणी काळभोरच्या, गोधडीवर हात बसलेला. थंडी पडायला लागली की त्या घरातले जुने कपडे बाहेर काढायच्या आणि प्रत्येकासाठी काहीतरी छोटं शिवायच्या. बटवा, बसायचं आसन, उशीची खोळ. आत जुन्या लुगड्याचे थर, वरून ठिगळं आणि सगळीकडून बारीक धावदोरा. नवं कापड वापरायचं नाही, आणि ज्याची भेट त्याच्या अंगावरचं एक तरी कापड त्यात हवंच. पंचवीस तारखेला सकाळी चर्चमधून आलं की करंज्या-चकल्यांच्या ताटाशेजारी या भेटी मांडायच्या.

सासूबाई गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. यात एक गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात येत नाही. शिवणारीला कुणी काही शिवून देत नाही, कारण घरात शिवणारी एकच असते. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाटलं असेल तर मी बोलले नाही.

सासूबाईंचा सगळ्यात कडक नियम सुयांचा. शिवणाच्या डब्यात एक छोटी उशी, तिच्यावर सात सुया. काम संपवून उठायच्या आधी सात मोजायच्या. त्या न बघता मोजायच्या, उशीवरून बोट फिरवत, तोंडानं दुसऱ्याच गप्पा मारत. मीही तशीच शिकले. मोजणं चुकलं तर काय होईल, हे त्या कधी पूर्ण सांगत नसत. "तान्ह्याचं दुपटं असतं गं एखाद्या वेळी," एवढंच म्हणायच्या आणि पुढचं आपल्यावर सोडायच्या.

गाठ

जुलैमध्ये आमच्या प्रशांतला मुलगी झाली, एस्तेर. तिच्यासाठी कुंची शिवत बसले होते. मध्येच दाराची बेल वाजली. मला एक वाईट खोड आहे. सुई मध्येच ठेवायची झाली की मी ती उशीवर न ठेवता ब्लाउजला खोचते, डाव्या बाजूला. सासूबाई त्यावरून आयुष्यभर ओरडल्या. तशी ती खोचायला हात गेला आणि बोटाला आत काहीतरी कठीण लागलं. दारात कुरियर होता. मी त्याच्या मशीनवर सही केली, पार्सल घेतलं, दार लावलं आणि तिथेच उभी राहिले.

रिपोर्ट आला त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर तरुण होते, सौम्य होते आणि सगळं माझ्या नवऱ्याकडे बघून बोलत होते. "यांचं ऑपरेशन लवकर करू. यांना नंतर केमो लागेल." यांना, यांचं. मी मध्ये बसलेली. शेवटी मी म्हटलं, "डॉक्टर, गाठ माझी आहे. माझ्याकडे बघून बोललात तरी चालेल."

ते ओशाळले आणि नंतर कायम माझ्याकडे बघूनच बोलले. मी घरी येईपर्यंत शूर होते. स्वयंपाकघरात कणीक मळायला घेतली आणि मग परातीवरच रडले. हे दारात उभे राहिले. हे म्हणजे माझे यजमान, विजय. सरकारी कचेरीत हयात गेली, शब्द जपून वापरायची सवय. थोड्या वेळानं म्हणाले, "मी बाहेरून पोळ्या आणतो." एवढंच. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, दुसरं काय म्हणणार होते ते?

कडी

ऑगस्टमध्ये डावा स्तन काढला. याबद्दल बायका बोलत नाहीत, मीही फार बोलणार नाही. पण एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे.

सिस्टर म्हणाली, दुकानात तयार आकार मिळतात, ब्राच्या कप्प्यात घालायचे. मला दुकानात जाऊन ते मागणं जमेना. मी माझ्या जुन्या पांढऱ्या परकराचं कापड घेतलं, आत कापूस आणि मऊ चिंध्यांचे थर भरले आणि गोल गादी शिवली, गोधडीच्याच टाक्यानं. चांगली जमली. ऑपरेशननंतरचं माझं पहिलं शिवण ते. ती मी स्वतः धुवायचे आणि टॉवेलखाली वाळत घालायचे.

कपडे बदलताना मी आतून कडी लावायला लागले. यांना म्हटलं, मला रात्रीची उलटी होते, तुमची झोप मोडते, तुम्ही बाहेर दिवाणावर झोपा. उलटी काही रोज होत नव्हती. त्यांनी उशी उचलली आणि गेले. तेहतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मी त्यांच्यापुढे दार लावलं, आणि त्यांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. मला ते विचारायला हवे होते, आणि विचारलं असतं तर मी चिडले असते. आजारपणात माणूस असं दोन्हीकडून अवघड होतं.

"नाही"

केमोचा दिवस म्हणजे सकाळी रक्त, मग रिपोर्टची वाट, मग खुर्ची. सलाईन लावायच्या आधी सिस्टर एक कागद घेऊन यायची आणि एका सुरात विचारायची. ताप? तोंड आलंय? जुलाब? हातापायांना मुंग्या, बधिरपणा?

"नाही," मी म्हणायचे.

नोव्हेंबरमध्ये औषध बदललं, त्यानंतर हे सुरू झालं. आधी बोटांची टोकं झोपल्यासारखी वाटायची. मग ब्लाउजची हुकं लागेनात. मटार सोलताना दाणा बोटात आहे की खाली पडला, ते बघावं लागायचं. एकदा दुधाचं पातेलं हातानंच उतरवलं आणि बोटाला फोड आल्यावर कळलं की ते तापलेलं होतं. यांनी फोड बघून विचारलं. मी म्हटलं, "वाफ लागली."

मी का सांगितलं नाही? माझ्या समोरच्या खुर्चीवर एक बाई असायच्या. त्यांनी एकदा सांगितलं की हात बधिर झाले म्हणून त्यांचं औषध कमी केलंय. पुढच्या खेपेला त्या खुर्चीवर दुसरंच कुणी होतं. त्यांचा वार बदलला असेल. दवाखाना बदलला असेल. पण मी मनाशी हिशोब मांडून मोकळी झाले. औषध कमी म्हणजे गाठ परत. मला एस्तेरला शाळेत जाताना बघायचं होतं. बोटं गेली तर गेली.

शिवण मात्र मी सोडलं नाही. उलट हट्टानं करत होते. शिवता येतंय म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी घरच्यांना आणि स्वतःलाही दाखवत होते. डोळ्यांनी टाका बघायचा, अंगुस्तानानं सुई ढकलायची. पूर्वी एका दुपारी व्हायचं ते काम आठवडाभर चालायचं. यांच्या जुन्या सदऱ्याचं चष्म्याचं घर झालं, प्रशांतच्या कॉलेजच्या शर्टाची डब्याची पिशवी झाली. सून स्नेहा, तिच्या ओढणीचा बटवा. माझ्या नणंदबाई रूथताई लोणी काळभोरला असतात, त्यांना गुडघ्यासाठी गरम पाण्याच्या पिशवीची खोळ. आणि एस्तेरचं दुपटं. त्यात आम्हा सगळ्यांचं एकेक कापड होतं, सासूबाईंच्या लुगड्याचा काठसुद्धा. तिचा पहिला नाताळ होता.

दुपट्याचा शेवटचा टाका बावीस तारखेला घातला. उशीवरून बोट फिरवलं. सात.

सहा

तेवीस तारखेला सकाळी प्रशांत येऊन गेला. तो आणि स्नेहा वारज्याला राहतात, आम्ही येरवड्याला. त्याला कामावर जायची घाई होती. दुपटं टेबलावर बघून म्हणाला, "हे मी नेतो. तिला सर्दी झालीय, आजपासूनच घालू देत." माझ्यासमोर त्यानं ते घडी करून पिशवीत टाकलं, स्नेहाकडे पोचवून तसाच ऑफिसला गेला.

अकराच्या सुमारास मी खिडकीजवळच्या उन्हात शिवणाचा डबा आवरायला बसले. ऊन उशीवर पडलं होतं आणि सुयांची नेढी चमकत होती. सहज नजर गेली म्हणून डोळ्यांनी मोजल्या. सहा.

पुन्हा मोजल्या. उशी उलटी केली. एकेक सुई काढून कागदावर ठेवली. सहा.

मग मी बोटानं मोजून बघितलं, नेहमीसारखं. बोटानं सात भरत होत्या. एक सुई मी दोनदा मोजत होते आणि मला ते कळत नव्हतं. कधीपासून, तेही सांगता येत नव्हतं. महिनाभर रोज सात म्हणून उठत होते मी.

पाच वस्तू शिवल्या होत्या, त्यातल्या कुठल्याही एकीत ती असू शकत होती. आणि त्यातलं दुपटं त्या क्षणी पाच महिन्यांच्या मुलीच्या अंगावर होतं.

आता जे सांगणार आहे ते सांगायची मला लाज वाटते, पण ते गाळलं तर या लिहिण्याला अर्थ नाही. मी फोन केला नाही. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. फोन केला असता तर स्नेहानं विचारलं असतं, सुई राहिली कशी? तुम्ही तर मोजता. मग बोटांचं सांगावं लागलं असतं. मग डॉक्टर. मग औषध कमी. म्हणून मी आधी शोधायचं ठरवलं. दिवाणावरची गादी झटकली, केरसुणीनं फरशी झाडली, केर वर्तमानपत्रावर पसरून बघितला, दिवाणाखाली टॉर्च मारला. पाऊण तास. त्या पाऊण तासात माझ्या नातीच्या अंगाखाली सुई असू शकते हे मला माहीत होतं, आणि मी केर चिवडत होते.

मग मात्र मी फोन लावला.

"स्नेहा, दुपटं बाजूला काढ. आत्ताच्या आत्ता."

"आई, ती त्याच्यावरच झोपलीय. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"उचल तिला. त्यात सुई असेल."

फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. मग एस्तेरचं रडणं. मी ते रडणं कान लावून ऐकत होते, ते झोपमोडीचं आहे की टोचल्याचं, हे ओळखायचा प्रयत्न करत होते. ओळखता आलं नाही.

बऱ्याच वेळानं स्नेहाचा आवाज आला. "अंगावर काही दिसत नाहीये. सगळं बघितलं मी. आम्ही तिकडे येतोय."

उसवण

वारज्याहून येरवड्याला त्या दिवशी त्यांना दीड तास लागला. स्नेहा रिक्षातून उतरली तेव्हा एस्तेर तिच्या ओढणीत गुंडाळलेली होती आणि दुपटं वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, हातभर लांब धरलेलं. रूथताई नाताळसाठी त्याच दुपारी आल्या होत्या. प्रशांत ऑफिसमधून निघून मागोमाग आला. माझा मुलगा रागावला की आवाज चढवत नाही, खालचा करतो.

"कशी राहिली सुई, आई?"

"मोजायला चुकले."

"तू?"

रूथताई चष्मा पुसत म्हणाल्या, "आमच्या आईच्या हाताखाली शिकलेली हाय ती. ती मोजायला चुकत न्हाई. खरं काय ते सांग, शालिनी."

सगळे माझ्याकडे बघत होते. यांनीसुद्धा वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. मी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, वर्गात मुलं नखं दाखवायला ठेवायची तसे.

"मला बोटांत काही कळत नाही," मी म्हटलं. "महिना झाला. पायातही कळत नाही. बोटानं मोजल्या की सात होतात."

"डॉक्टरांना माहितीये?" प्रशांत.

"नाही."

"दर वेळी विचारतात ते. मी असतो शेजारी. तू नाही म्हणतेस."

"हो. नाही म्हणते."

स्नेहा म्हणाली, "आई, दर रविवारी तुम्ही तिला आंघोळ घालता. पाणी किती गरम आहे ते हातानं बघता. तुम्हाला कळत नव्हतं, आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

तिनं मला जे काही म्हटलं असतं ते मी ऐकून घेतलं असतं. ती काही म्हणाली नाही, हे जास्त लागलं. तिनं एस्तेरला आतल्या खोलीत नेऊन पुन्हा एकदा पूर्ण कपडे काढून तपासलं. मला मदतीला बोलावलं नाही.

मग उसवायला सुरुवात झाली. रूथताईंनी कात्री घेतली, प्रशांतनं फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं. टेबलावर पांढरी चादर पसरली. दुपटं पहिलं. मी घातलेला एकेक टाका रूथताई कापत होत्या आणि प्रशांत थराथरावरून चुंबक फिरवत होता. सासूबाईंचा काठ सुटला, माझ्या साडीचा तुकडा सुटला, आतला थर सुटला. काही लागलं नाही.

मग खोळ. मग बटवा. मग डब्याची पिशवी. चष्म्याचं घर यांनी स्वतः उसवलं, नखानं दोरा ओढून. पाच वाजत आले तोवर टेबलावर नुसत्या चिंध्या होत्या. महिन्याभराचं काम. मला त्याचं दुःख करायचीही चोरी होती.

सुई कुठेच नव्हती.

"म्हणजे आमच्या घरात असेल," स्नेहा म्हणाली. "पाळण्यात. किंवा रस्त्यात पडली असेल. किंवा..." तिनं एस्तेरकडे बघितलं. बाळ रडत होतं, दुपारभर रडत होतं, आणि का ते कुणालाच कळत नव्हतं. "एक्स-रे काढायला हवा. प्रशांत, चल."

तो किल्ली शोधायला लागला. पाच महिन्यांच्या पोरीला माझ्यामुळे एक्स-रेच्या टेबलावर झोपवणार होते. मी भिंतीला टेकून उभी होते. आजार कळला तेव्हासुद्धा मला एवढी भीती वाटली नव्हती.

यांना आठवलं

"थांबा जरा," हे म्हणाले.

माझ्याकडे बघत म्हणाले, "काल दुपारी तू दुपट्याचा काठ घालत होतीस. कुकरची शिट्टी झाली आणि तू उठलीस. सुई कुठे ठेवलीस?"

"उशीवर."

"उशी दिवाणावर माझ्याजवळ होती. तू माझ्याजवळ आली नाहीस." मग म्हणाले, "तू सुई डावीकडे खोचतेस, शालिनी. मी तेहतीस वर्षं बघतोय."

माझा हात आपोआप छातीकडे गेला. हाताला काही कळलं नाही, आणि हाताखालच्या जागेलाही नाही.

मी खोलीत गेले. सवयीनं कडी लावायला हात वर केला. हे माझ्या मागे आले होते, दारातच थांबले होते.

"तुला दिसायचं नाही नीट," ते म्हणाले. "आणि हाताला कळायचं नाही. मी बघू का?"

चार महिने मी ज्याची भीती बाळगली होती ते एवढंच होतं. एक साधा प्रश्न, आणि तोही कचेरीतला कागद मागावा तशा आवाजात. बाहेर एस्तेर रडत होती. मी कडीवरचा हात काढला आणि म्हटलं, "बघा."

ब्लाउज त्यांनीच काढला, हुकं मला लागत-निघत नव्हतीच. ती पांढरी गादी मी त्यांच्या हातात दिली आणि मान फिरवली. त्यांनी ती खिडकीजवळ नेली, चष्मा कपाळावर ढकलला. काठाशी निळ्या दोऱ्याचं बोटभर टोक दिसत होतं, दुपट्याचा दोरा. सुई नेढ्यासकट आत गेलेली. शिट्टीच्या घाईत मी ती जोरात खोचली होती आणि मग उशीवरची दुसरी घेऊन काम संपवलं होतं. त्यांनी गादीचे चार टाके कापले, दोन बोटं आत घालून सुई बाहेर काढली आणि उजेडात धरली.

"सात," ते म्हणाले.

बाहेर जाऊन त्यांनी ती सगळ्यांना दाखवली. स्नेहा खुर्चीत बसली आणि एस्तेरला घट्ट धरून रडली. मी आतच होते. माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. आदल्या संध्याकाळी मी वारज्याला गेले होते आणि एस्तेरला अर्धा तास छातीशी घेऊन झोपवलं होतं. ती सुई तेव्हा माझ्या अंगावर होती. ऑपरेशननंतर डाव्या हातानं वजन उचलायला मनाई आहे, म्हणून मी तिला उजवीकडे घेतलं होतं. त्या मनाईवरून मी दवाखान्यात किती कुरकुर केली होती. माझ्या आजारपणातली सगळ्यात मोठी कृपा मला कुरकुर करत मिळाली.

हे परत आत आले तेव्हा मी तशीच बसले होते, उघडी. ते शेजारी बसले. त्यांनी त्या व्रणाकडे बघितलं, नीट, घाई न करता.

"दुखतं?"

"नाही. काही कळत नाही तिथे."

"मग बरंय," ते म्हणाले आणि शाल माझ्या खांद्यावर टाकली.

डॉक्टर

चोवीस तारखेला सकाळी मी डॉक्टरांसमोर सगळं सांगितलं. पातेलं, मटार, सुई, समोरच्या खुर्चीवरच्या बाई. त्यांनी विचारलं, "घाबरून सांगितलं नाहीत?"

"हो."

"औषध कमी करणं म्हणजे उपचार सोडणं नाही, बाई. मला हे आधी कळलं असतं तर तेव्हाच बदल केला असता. बोटं एवढी गेली नसती." मग म्हणाले, "समोरच्या खुर्चीवरच्या बाई म्हणता ना तुम्ही? त्यांची केमो संपली म्हणून त्या येत नाहीत."

मी तिथे हसले की रडले, आता आठवत नाही. प्रशांत शेजारी होता, त्याला विचारायला हवं. माझा डोस बदलला, उपचार पूर्ण झाले. अंगठा आणि पहिलं बोट बरंच परत आलंय. पायाच्या बोटांत अजून कळत नाही, घरातही चपला घालून वावरते. स्नेहानं महिनाभर मला एस्तेरला आंघोळ घालू दिली नाही. बरोबर केलं तिनं. नंतर एका रविवारी तीच बादली घेऊन आली, पाणी स्वतः बघितलं आणि म्हणाली, "या, आई."

पंचवीस तारीख

नाताळच्या सकाळी चर्चमधून आलो. टेबलावर करंज्यांचं ताट होतं आणि शेजारी चिंध्यांची पिशवी. मी म्हटलं, या वर्षी भेटी नाहीत, मला माफ करा.

रूथताई म्हणाल्या, "नाहीत कशा? कापड हाय, दोरा हाय. ज्याची त्यानं शिवा. नुसतं खायला आलायत का?"

आणि खरंच सगळे बसले. प्रशांतनं डब्याची पिशवी तोंडाकडूनच शिवून बंद करून टाकली. स्नेहा दुपट्याचे थर लावत होती, मध्येच मला विचारत होती, काठ आधी की नंतर? ती माझ्याशी बोलत होती, मला तेवढं पुरे होतं. मी सुईला हात लावला नाही. दोरे कापून देत होते. सुया हे मोजत होते, मोठ्यानं, डोळ्यांनी.

जेवणं झाल्यावर यांनी मला खोलीत बोलावलं आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. ती माझी पांढरी गादी होती. सुई काढताना कापलेली बाजू त्यांनी शिवली होती आणि त्यावर ठिगळ लावलं होतं, त्यांच्या जुन्या निळ्या सदऱ्याचं. चोवीस तारखेला मी दवाखान्यात असताना बसून केलेलं. जन्मात कधी बटण न लावलेला माणूस.

सासूबाई गेल्यापासून त्या घरात मला कुणी शिवून दिलेली ती पहिली वस्तू.

टाके वाकडे होते. एक बोटभर लांब, पुढचा त्यावरच चढलेला, शेवटची गाठ हरभऱ्याएवढी. तिसरीच्या मुलांचा वाकडा टाका मी कधी चालवून घेतला नाही, उसवून पुन्हा घालायला लावला. मी ती गादी खिडकीजवळ नेऊन उजेडात बघितली. मग त्यांच्यासमोरच ती जागेवर ठेवली आणि म्हटलं, "हुकं लावा."